तुला आवरत होते तेव्हा मी ओट्यावर होते

१६ नोव्हेंबर १९९४, बुधवार. धुळे, तुझ्या आपांचं घर.

हजर: आत, चादरींच्या आडोशामागे, तुझ्या थोरल्या बहीण आपा, तुझ्या दोघी भावजया आणि मोहल्ल्यातल्या एक वयस्क खाला, ज्यांना मय्यताला अंघोळ घालायची रीत पाठ आहे. बाहेर गल्लीत बाकांवर तुझे भाऊ आणि पुरुषमंडळी. धुळ्याच्या दवाखान्यातल्या, शेवटी तुझं सगळं केलेल्या दोघी सिस्टर. त्या उभ्याउभ्या येऊन ड्यूटीवर परत गेल्या. दारात नात्यातल्या बायका आणि शेजारच्या चौधरी भाभी. आणि ओट्यावर, भिंतीला टेकून, मी.

नसीम, हजेरी मांडल्याशिवाय मला काही सुरू करता येत नाही हे तुला माहीत आहे. "सुमन, तू स्वतःच्या लग्नातसुद्धा मांडवात पट घेऊन फिरली असशील," असं तू म्हणायचीस. फिरले नव्हते. पण कोण जेवून गेलं आणि कोण तसंच गेलं, हे मी आजही सांगू शकेन.

त्या दिवशीच्या हजेरीत माझीच जागा चुकली. मी आत असायला हवं होतं.

सकाळी जळगावला, दवाखान्याच्या ऑफिसातल्या फोनवर निरोप आला. वॉर्डाचा चार्ज दिला, एरंडोल-पारोळ्यावरून जाणारी एस.टी. धरली. पिशवीत घेतलं ते असं: धुतलेला टॉवेल, कापूस, पट्टीचा रोल, बोथट टोकाची कात्री, बदलायला साधी साडी. तुला आवरायला निघाले होते मी. माणूस गेलं की डोळे मिटायचे, हनुवटी बांधायची, हातपाय सरळ करायचे, सुयानळ्या काढलेल्या जागा झाकायच्या, केस नीट करायचे. याला आपण वॉर्डात आवरणं म्हणायचो. आपण दोघींनी मिळून किती जणींना आवरलं, त्याची मोजदाद मीसुद्धा ठेवलेली नाही. आता तुझी पाळी होती आणि ते काम माझं होतं. तसं आपलं ठरलं होतं. निदान अर्धवट ठरलं होतं. त्याचं पुढे सांगते.

घरापाशी पोचले तर आडोसा बांधून झालेला. पाणी तापलं होतं, त्यात बोरीचा पाला घातला होता. कापराचा वास येत होता. मी पायऱ्या चढले, चपला काढल्या आणि तिथेच थांबले. कारण मला रीत माहीत होती. 'मुसलमान स्त्री: मृत्यूनंतर अंघोळ घरच्या व समाजाच्या स्त्रिया घालतात. दवाखान्याने अंग धुऊ नये. इतरांनी शक्यतो हात लावू नये.' ही वाक्यं माझीच. आपल्या ड्यूटी रूममधल्या कपाटाच्या दाराला, आतल्या बाजूने, माझ्याच अक्षरात चिकटवलेली आहेत.

म्हणून मी ओट्यावर उभी राहिले आणि आतलं सगळं कानांनी पाहिलं. बादलीत मग्गा बुडाल्याचा आवाज. पाणी अंगावरून फरशीवर येतं तो आवाज. खाला हळू आवाजात सांगत होत्या, भावजया करत होत्या. आता तुला डाव्या कुशीवर घेतलं, हे मला बाहेरून कळलं. आणि माझा जीव वर आला. तुझ्या माकडहाडापाशी ती जखम होती, पडून पडून झालेली. दवाखान्यात मी आले की ड्रेसिंग मीच करायचे, तिथल्या पोरी मला करू द्यायच्या. आतल्या कोणाला ती जागा माहीत असेल का? तिथे हात हलका ठेवतील का? मेलेल्या माणसाला दुखत नाही हे मी आयुष्यभर शिकवत आले. तरी 'कमरेपाशी चोळू नका' हे शब्द ओठांवर आले होते. ते मी गिळले.

मधेच चादर बाजूला करून आपा बाहेर आल्या. बाह्या कोपरापर्यंत ओल्या. माझ्याकडे बघून थांबल्या.

"कुछ चाहिए क्या, बाई?"

"नहीं, आपा. कुछ नहीं."

त्या लगेच आत गेल्या नाहीत. माझ्या पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, ओले हात ओढणीला पुसले. मी वाट सोडून थोडी बाजूला सरकले, म्हणजे माझी अडचण नको. मग त्या आत गेल्या.

नसीम, तेवढ्या वेळात मला एक प्रश्न विचारता आला असता. तीन शब्दांचा. बाकी सगळा लेख त्याच्याबद्दल आहे.

*

आपला वाद सुरू कधी झाला ते मला आठवतं. वाद म्हणजे भांडण नव्हे. भांडणं आपली पंख्याच्या बटणावरून व्हायची. वाद एकच होता आणि तो धुळ्याला सुरू होऊन बदलीबरोबर जळगावला आला.

धुळ्याला आपण दोघी नव्या होतो. साक्रीच्या पलीकडच्या डोंगरातली एक बाई ऑपरेशनसाठी आली. कमरेला काळा दोरा, त्यात एक लहानशी पुडी बांधलेली. ऑपरेशनला नेताना अंगावर काही ठेवायचं नाही, हा नियम. आपल्या त्या वेळच्या इन्चार्ज बाईंनी कात्री घेतली. तू मधे पडलीस आणि त्या बाईला तिच्या बोलीत विचारलंस, "माय, हाऊ दोरा काढाना शे. चाली का?"

ती म्हणाली, "हा."

"कापाना का सोडाना?"

"हा."

"तुले भ्या वाटस का?"

"हा."

तू माझ्याकडे पाहिलंस. पांढऱ्या कपड्यातल्या माणसाला 'हा' म्हणायचं, म्हणजे ते लवकर सोडतात, एवढं तिला पक्कं माहीत होतं. तू आणखी दहा प्रश्न विचारले असतेस तरी दहा वेळा 'हा' आलं असतं. मला मात्र त्याच भागातल्या आधीच्या एका पेशंटच्या सासूने सांगितलं होतं, "ते कापू नका माय, भगतनी बांधेल शे." मी ते टिपून ठेवलं होतं. मी इन्चार्ज बाईंच्या हातातली कात्री बाजूला ठेवली, दोरा न सोडता खाली सरकवला, गॉजमध्ये गुंडाळला आणि घोट्याला पट्टीने बांधला. डॉक्टर बघून म्हणाले, "हे काय, पायाचं ऑपरेशन आहे का आज?" पण चालवून घेतलं. ती बाई टेबलावर शांत पडली. शुद्धीवर आल्यावर पहिल्यांदा तिने पायानेच पाय चाचपला.

त्या दिवशी मी तुला म्हटलं, "विचारून काही कळत नाही, नसीम. माहिती पाहिजे. लिहून ठेवलेली पाहिजे."

"आज तू जिंकलीस," तू म्हणालीस. "पण पुढच्या डोंगरवालीला दोरा नसला तर तू शोधत बसशील."

यादीची सुरुवात तिथून झाली. जळगावला मी बाळंतिणी आणि आजारी बायका एकत्र असलेल्या वॉर्डची इन्चार्ज झाले तेव्हा ती मोठी झाली. कोणी काय खातं, कोण काय खात नाही. कोणाची बाळंतपणानंतरची वार घरचे मागून नेतात आणि पुरतात, ती त्यांना द्यावी. कोणत्या बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत, तेव्हा केसपेपरसाठी सासूला विचारावं. कोणाला पाचवीच्या आधी बाळाला बाहेरच्याने बघितलेलं चालत नाही. शाई वेगवेगळी, रकाने आखलेले. मला त्या यादीचा अभिमान होता, आणि खोटं कशाला, अजून आहे. ती नव्हती तेव्हा वॉर्डात किती बाया उपाशी राहायच्या, हे तूही पाहिलं होतंस.

केळ्यांचं घे. आपल्याकडे केळ्यांना काय तोटा. दवाखान्याच्या स्वयंपाकघरातून बाळंतिणींना दूध, पाव आणि केळं यायचं. केळं थंड, बाळंतिणीने कसं खावं? बाया नाही म्हणायच्या नाहीत. उशीखाली ठेवायच्या. उशा उचलल्या की काळी पडलेली केळी आणि मुंग्यांची रांग. मी यादीत लिहिलं, बाळंतिणीस केळं देऊ नये, आणि स्वयंपाकघराशी भांडून बाजरीची भाकरी आणि शेपूची भाजी सुरू करवली. मुंग्या गेल्या.

मग ती रावेरकडची आली. पहिलटकरीण, ठसठशीत, आवाज असा की ओपीडीपर्यंत जावा. शेजारच्या खाटेवरच्या ऑपरेशनवाल्या बाईला केळं दिलेलं तिने पाहिलं आणि मला हाक मारली.

"ओ सिस्टरबाई. तिले केयं देलं, मले काहून नाही?"

"तुम्ही बाळंतीण आहात. तुम्हाला चालत नाही."

"कोन सांगे? माह्या बापाचा मया हाये केयांचा. आमी केयं खाऊनच एवढ्या झालो. माह्या मायनं पाच बाळंतपनं केयांवर काढली."

तिची आई बाजूला मान हलवत होती. हो म्हणून की लेकीच्या आवाजाला लाजून, कळलं नाही. तू औषधांच्या ट्रॉलीमागे उभी राहून हसत होतीस. खांदे हलत होते. नंतर ड्यूटी रूममध्ये येऊन कपाटाचं दार उघडलंस, पेन घेतलंस आणि माझ्या सुंदर रकान्यात, तुझ्या त्या वाकड्या अक्षरात, केळ्यासमोर लिहिलंस: 'तिला विचार.'

मी ते खोडलं नाही. पण दुसऱ्या कुठल्या ओळीसमोर लिहूही दिलं नाही.

*

'मुसलमान' हा रकाना मी तुझ्या समोर बसून भरला होता. तू साबुदाण्याची खिचडी खात होतीस. एकादशी माझी असायची आणि डबा आपल्या दोघींचा. मी लिहीत होते आणि तू मोठ्याने वाचत होतीस.

"पुरुष डॉक्टर नको. बुरखा जपून ठेवावा. रोजे असतील तर औषधाच्या वेळा विचाराव्यात. अरे वा, इथे 'विचाराव्यात' आलं." मग चमचा खाली ठेवून, "सुमन, ही बाई कोण गं? मला भेटव की कधी."

"थट्टा करू नकोस. चूक असेल तर सांग."

"चूक काहीच नाही. माझी मामी अशीच आहे. माझी आपा अर्धी अशी आहे. मी अशी नाही. माझ्या वहिनीला तर लेडी डॉक्टरच नको असते, त्या खेकसतात म्हणते."

"मग मी काय लिहू?"

"लिहू नकोस. विचार."

"आणि 'हा' म्हणाली तर?"

"तर जरा बस तिच्याजवळ. परत विचार."

"वॉर्डात किती खाटा आहेत, माहीत आहे ना? प्रत्येकीजवळ बसायला मला सवड कुठे आहे?"

तू खिचडी संपवलीस. वाद तिथेच राहिला. अजूनही माझं म्हणणं आहे, नसीम, की सवड नसलेल्या वॉर्डात यादीच लागते. तू असतीस तर म्हणाली असतीस, यादी वाचायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात विचारून होतं. होत नाही. पण तू म्हणाली असतीस.

एक गोष्ट आपण कधी बोललो नाही. ती अमळनेरकडची म्हातारी अक्का. तापाने फणफणलेली, ओठ सुकलेले. तू तिला उठवून बसवलंस, पाठीशी हात दिलास, पेला तोंडाला लावलास. शेजारच्या खाटेवरून कोणीतरी तुझं नाव सांगितलं. अक्काने तोंड मिटलं.

"तू कोननी पोर शे?"

तू वडिलांचं नाव सांगितलंस.

"हिना हातनं पानी मी पेत नही."

तू शांतपणे म्हणालीस, "मंग कोना हातनं चालस, अक्का?" आणि मला बोलावलंस. मी आले ती संतापूनच. अक्काला म्हणणार होते की इथे हेच हात आहेत, प्यायचं तर प्या. तू माझ्या मनगटाला धरलंस, पेला माझ्या हातात दिलास आणि हळूच म्हणालीस, "ती आजारी आहे. शाळेत नाही आलेली. पाणी जाऊ दे पोटात."

मी पाणी पाजलं. ती घटाघटा प्यायली. तू ड्यूटी रूममध्ये जाऊन गॉजच्या घड्या करायला बसलीस. पेटी भरलेली होती, तरी करत होतीस. मी तिथे जाऊन तुला खूप सुनावलं. असले लाड करायचे नाहीत, आजारीपणाला आपण जपायचं, अडाणीपणाला नाही, उद्या सगळा वॉर्ड असं म्हणेल. तू फक्त म्हणालीस, "विचारायचं म्हणजे आपल्याला आवडेल तेच उत्तर येणार असं थोडंच आहे." आणि घड्या करत राहिलीस.

वाद कोणी जिंकला हे आजही मला ठरवता येत नाही. पण मी सुनावलं, समजावलं, नियम सांगितला. आणि तुला काय वाटलं, हे काही विचारलं नाही. त्या वेळी वाटलं, माहीत आहे की. कोणालाही वाटेल तेच वाटलं असेल.

अक्का बरी होऊन गेली. जाताना तिने तुझ्या डोक्यावर हात ठेवला की नुसता हवेत हलवला, यावर वॉर्डातल्या मावशींच्यात मतभेद आहेत. मी तिथे नव्हते. तेही तुला विचारलं नाही.

*

ठरलं ते असं. पारोळ्याकडची एक मुसलमान म्हातारी आपल्या वॉर्डात गेली. दुपारची वेळ. मुलगा गावाला निरोप द्यायला गेला होता आणि परतीची गाडी चुकली होती. आपण दोघींनी तिला आवरलं. मी पाण्याची वाटी आणली तर तू म्हणालीस, अंग धुऊ नकोस, ते घरी करतील. डोळे, हनुवटी, हातपाय, आणि वरून स्वच्छ चादर, बस. मी नंतर ते यादीत घातलं.

चहा घेताना तू म्हणालीस, "आता हे सगळ्यांना लावत बसू नकोस. मला तर तूच आवर."

"मला कोण हात लावू देईल तुमच्यात?"

"मला काय माहीत? मी कधी मेले नाही अजून."

"नसीम."

"तू विचारून बघ ना त्या वेळी. मी तर काही बोलणार नाही." आणि मग, हसू आवरून, "केस तेवढे नीट कर माझे. आपाचा हात फार जड आहे. लहानपणी वेणी घालायची तर डोळ्यांतून पाणी यायचं."

मी काही उत्तर देणार तेवढ्यात सात नंबरच्या खाटेवरून हाक आली आणि आपण दोघी पळालो. तो विषय परत निघाला नाही. मी मनात 'ठरलं' असं लिहून टाकलं. तू कदाचित नुसतं चहाबरोबर बोलली असशील. हेही विचारायचं राहिलं.

तू आजारी पडून धुळ्याला गेलीस तेव्हा मी रविवारी येत होते. तुझ्या माणसांशी माझी भेट दारातच व्हायची. मी आले की आपा घरी जेवायला जायच्या. त्यामुळे आपण काय होतो एकमेकींच्या, हे आपांना कळायला जागाच नव्हती. त्यांच्यासाठी मी जळगावच्या पाटील सिस्टर. वेळेवर येणाऱ्या.

एका रविवारी तुझ्या पोटात फार कळ होती. नवा डॉक्टर आला, कोवळा, चांगला मुलगा. केसपेपरवरचं नाव वाचून दारातच थांबला. "मॅडम येतील आता," म्हणाला, "लेडी डॉक्टर. मी पडदा लावून घेतो तोपर्यंत." मॅडम दुसऱ्या केसमध्ये होत्या. तू ओठ चावत पडली होतीस. शेवटी तू डोळे उघडून म्हणालीस, "बाबा रे, कोणीही चालेल. सुई दे." आणि त्याने सुई दिल्यावर, कळ उतरू लागल्यावर, माझ्याकडे मान वळवलीस.

"सुमन, तुझी यादी धुळ्यापर्यंत पोचली गं."

मला हसू आलं आणि तुलाही. तुला हसताना दुखत होतं, तरी तू हसलीस. तुझ्याबरोबर शेवटचं मनापासून हसले ते तेव्हा. त्यानंतरच्या रविवारी तू फारशी बोलत नव्हतीस. जळगावचं भरीत आणलं होतं, नुसता वास घेतलास आणि "मिरची कमी आहे" म्हणालीस. हिरव्या मिरच्या मी मुद्दाम कमी घातल्या होत्या, तुझ्या पोटासाठी. तेही न विचारताच.

*

पुन्हा ओट्यावर येते.

तुझी अंघोळ चालू असताना मला चहा आला. बाकीच्या बायकांना नातेवाइकांच्या घरून आलेल्या किटलीतला, सगळ्यांना एकाच ताटलीतल्या पेल्यांतून. माझा वेगळ्या कपबशीत, चौधरी भाभींच्या घरून. भाभी म्हणाल्या, "आपांनी सांगितलं, जळगावच्या बाई येणार आहेत, त्यांचा चहा तुमच्याकडून पाठवा. त्यांना आमच्याकडचं चालणार नाही."

मी तो चहा प्यायले. कपबशी हातात धरून उभी राहिले.

तुझ्या डब्यातलं मी काय काय खाल्लंय, नसीम. ईदचा शीरखुर्मा, तुझ्या वहिनीचं खिमा-मटार, ज्याच्याबद्दल माझ्या घरी अजून माहीत नाही. आणि तुझ्या आपांनी, स्वतःची बहीण आत ठेवलेली असताना, माझ्या चहाची सोय हिंदू घरातून केली. एवढ्या दुःखात त्यांना माझी आठवण राहिली. त्यांच्यापाशीही एक यादी होती. तिच्यात माझ्यासारख्या बाईचा रकाना असणार. आमच्याकडचं चालत नाही. मय्यताला शिवली तर तिला घरी जाऊन अंघोळ करावी लागेल. तिला आत बोलावून संकटात टाकू नये.

मग मला त्या ओल्या बाह्या आठवू लागल्या. 'कुछ चाहिए क्या' म्हणून त्या आत का गेल्या नाहीत लगेच? माझ्या पिशवीकडे का पाहिलं? तुझ्या केसांबद्दल तू त्यांनाही काही सांगून ठेवलं होतंस का? की त्या नुसत्याच, दमून, क्षणभर उघड्या हवेत थांबल्या होत्या? दोन बाया, दोघी चांगल्या मनाच्या, एकमेकींना जपत उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभ्या. कदाचित त्या 'नाही' म्हणाल्या असत्या. खाला तर नक्की म्हणाल्या असत्या, असं मला वाटतं. बघ, परत. वाटतं.

तुला बाहेर आणलं तेव्हा तू पांढऱ्यात होतीस आणि चेहरा थोडा वेळ उघडा ठेवला होता. बायकांनी पाहिलं, मीही पाहिलं. हनुवटी छान बांधली होती. डोळे नीट मिटलेले. मी शोधून पाहिलं, चूक कुठेच नव्हती. केस झाकलेले होते, त्यामुळे ते कळलं नाही. मग पुरुषांनी तुला उचललं आणि गल्ली रिकामी झाली. मी शेवटच्या गाडीच्या आधीच्या गाडीने परत आले. पिशवीतला टॉवेल जसा घडी करून नेला होता तसाच कपाटात ठेवला.

वॉर्ड चालू आहे. नव्या पोरी चांगल्या आहेत. मी काही सांगितलं की म्हणतात, "हो सिस्टर." कपाटावरची यादी त्यांनी उतरवून घेतली, "हो सिस्टर." परवा त्यांना मुद्दाम चुकीचं सांगून पाहिलं, तरी "हो सिस्टर." मला त्या डोंगरातल्या बाईचं 'हा' आठवलं. पांढऱ्या कपड्यातल्या माणसाला काय म्हणायचं ते यांनाही कळलं आहे. दुपारी ड्यूटी रूममध्ये बसते तेव्हा पंखा हवा तेवढा ठेवता येतो. कोणी बटणाला हात लावत नाही. कपाटाचं दार कोणी उघडून मोठ्याने वाचत नाही. एवढी शांतता मी किती वर्षं मागत होते.

तुझ्यामुळे मला वॉर्डात माणसं दिसली, नाहीतर नुसत्या खाटा दिसल्या असत्या. हे मी तुला तोंडावर म्हटलं नाही. तू लगेच म्हणाली असतीस की हे लिहून दे आणि सही कर. घे, लिहून दिलं. पण वाद सोडलेला नाही हेही लिहून ठेवते. तुझं म्हणणं मला बहुतेक वेळा पटतं आणि वॉर्ड भरला की पटत नाही. यावर तू जे म्हणणार होतीस ते मला हवं आहे. मी तुझ्या वतीने उत्तर तयार करते, पण ते माझ्यासारखंच लागतं. तुझं उत्तर कधी माझ्यासारखं नसायचं.

आपांकडे जायचं आहे. एकच काम आहे. त्यांच्या घरातला चहा मागायचा आणि मग विचारायचं की, त्या दिवशी मी 'आत येऊ का' म्हटलं असतं, तर तुम्ही काय म्हणाला असता? 'नाही' म्हणाल्या तर तेही ऐकायचं. तुझे केस कोणी विंचरले, तेही विचारायचं. जखमेचं मी विचारणार नाही असं ठरवलं आहे, बहुतेक विचारीन.

गेल्या रविवारी स्टँडवर गेले होते. धुळ्याची गाडी फलाटाला लागलेली होती, जागाही होती. कंडक्टर म्हणाला, "बसता का बाई?" मी बाजूला सरकून मागच्यांना वाट दिली. गाडी गेली.

विचारायचं राहिलेलं आहे.